मशीन बिघडलं होतं

पेती राफ्रे,
रविवार, २१ जानेवारी १९७९

चि. सौ. वत्सलेस,

दादाचे आशीर्वाद. तिकडे तुमच्या गावी, मोंतान्य ब्लांशला, तुम्ही सगळी खुशाल असाल. बेटावर आलेल्या वादळाने इथे स्वयंपाकघराचे दोन पत्रे नेले होते, ते बसवले. लहानपणी गावच्या बैठकेत गुरुजींकडे शिकलेली मराठी अक्षरं आता हातातून नीट उतरत नाहीत, तेव्हा लावून वाच. आणि एकटी असताना वाच.

तुझी वहिनी समोर बसून डाळ निवडते आहे. बसंतीला वाचता येत नाही हे आज पहिल्यांदा बरं वाटलं.

पोटाचा फोटो कसा काढतात, विचारलंस. अगं, आधी पेलाभर पांढरं पाजतात, चुना कालवल्यासारखं. घशाखाली जाईना. सदरा काढला, कमरेचा करगोटासुद्धा सोडायला लावला. मग अंधाऱ्या खोलीत गार फळीवर उताणा, कुशीवर, पालथा, परत उताणा. भाकरीसुद्धा आपण इतकी उलटत नाही. काचेआडून माणूस म्हणतो, श्वास धरा. मी धरला. सोडा म्हणायला तो विसरला की काय असं झालं. साठीचा बाप्या मी, मनातल्या मनात आईला हाक मारली.

हा डिसेंबरचा फोटो. तुझा चंद्रमोहन सोबत होता. डॉक्टर फ्रेंचमध्ये बोलत राहिले, हा ऐकत राहिला आणि मला काही सांगेना. बसथांब्यावर दरडावलं तेव्हा म्हणाला, "मामा, गाठ आता कापता येणार नाही. सप्टेंबरात दिसली असती तर कापली असती."

एवढं त्याने तुला सांगितलं असेल. सप्टेंबरात काय झालं ते मी त्याला तिथेच सांगून बसलो; ते त्याने तुला सांगितलंय का, ठाऊक नाही. म्हणून मीच लिहितो.

पहिली तारीख चवथीच्या दुसऱ्या दिवशीची होती. आदल्या संध्याकाळपासून पोटात काही जाता कामा नये, असं बजावलेलं. बसंतीने मला पाण्याचा थेंब दिला नाही, स्वतःही उपाशी राहिली. सकाळी गणपतीपुढे दिवा लावला आणि निघताना माझ्या हातावर पाच मोदक ठेवले. म्हणाली, "हे काय खाणं आहे का, प्रसाद आहे. देव सोबत असू दे." मलाही तसंच वाटलं गं. प्रसादाला आपण कधी खाणं म्हटलंय? दारातच उभ्याने खाल्ले. चांगले झाले होते.

फोटोवाल्याने पाहिलं आणि हात जोडले. पोटात डाग दिसतोय, पण तो आजाराचा की खोबऱ्याचा, कसं सांगू? रिकाम्या पोटी परत या. पुढची तारीख तीन महिन्यांनी मिळाली.

घरी येऊन मी सांगितलं, मशीन बिघडलं होतं. तेव्हापासून ती त्या मशीनला शिव्या घालते. भाजीवाला येवो, शेजारची देवकी येवो, तिचं एकच, "मेलं ते मशीन त्याच दिवशी बिघडायचं होतं." मी मान डोलावतो.

वत्सू, माझं जे व्हायचं ते होईल. रात्री दुखतं, भीतीही वाटते, तुझ्यापासून काय लपवू. पण हे तिला कळलं तर मी गेल्यावर ती एकटी त्या पाच मोदकांबरोबर राहील. ते मला सोसवत नाही. नव्या वर्षाला चंद्रमोहन आला, तिने लाडू पुढे केला, तर "नको मामी" म्हणून त्याने तोंड फिरवलं. दिवसभर ती मला विचारत होती, माझं काय चुकलं? त्याचा राग माझ्यावरच्या मायेपोटी आहे, मला समजतं. त्याला सांग, मामाने हात जोडलेत. मशीनच बिघडलं होतं.

आणि येत्या चवथीला तू ये. माझं वर्षसुतक म्हणून तिने तेव्हा मोदक केले नाहीत, तर पुढच्या वर्षी ये. पण ती करील तेव्हा पहिला मोदक तिच्या हातून तू घे, तिच्यासमोर खा, आणि चांगला झालाय म्हण. चंद्रमोहनलाही खायला लाव.

बसंती विचारते आहे, "बहिणीला एवढं काय लिहिताय?"

मी म्हटलं, चवथीचं आमंत्रण.

ती हसली. म्हणाली, "आत्तापासून? बरं, लिहा, वहिनी वाट बघते."

तर वहिनी वाट बघते.

तुझा,
गोवर्धनदादा