शंभराच्या खाली

३ मार्च, सोमवार

गाडी आली! बॅटरी आणि पेट्रोल, दोन्हींवर चालते. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडली, प्लग लावला. चहा टाकून परत येते तो प्लग काढलेला. आई खुर्चीत, शांत.

"तू काढलास?"

"हो. उगाच कोळसा नको जाळायला."

४ मार्च

आईने कागदावर गणित मांडून दिलं. वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं कोळसा तपासला तिने. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली, पण हात थांबत नाहीत. पेट्रोलवर माझी गाडी किलोमीटरमागे शंभर ग्रॅम कार्बन सोडणार. संध्याकाळच्या विजेवर — ती जवळजवळ सगळी कोळशाची — दोनशे! फरक एवढाच की धूर माझ्या मागून नाही, तिकडे चिमणीतून.

"म्हणजे प्लग लावूच नको?"

"दुपारी लाव. ऊन असतं, सौर वीज असते. चष्मे विकतेस आणि उजेड कधी असतो ते तुला मी सांगू?"

शिवाय जाहीर केलं — विजेचा आकडा शंभराच्या खाली आल्याशिवाय गाडीत बसणार नाही. गाडी घेतली ती तिच्यासाठीच. बाबा गेल्यापासून कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे तिने पाऊल टाकलेलं नाही. नऊ वर्षं नोकरी तेवढी केली. आता तीही नाही.

५ मार्च

दुकानात भिंगं घासायच्या मशीनमागे प्लग आहे. दुपारी लावला. फ्यूज उडाला. एक आजोबा तक्ता वाचत होते.

"खालची ओळ दिसते का?"

"बाई, मला तुम्हीच दिसेनाशा झालात!"

९ मार्च

वायरमनने वेगळी लाइन टाकून दिली. आई रोज दुपारी कंट्रोल रूममधल्या जुन्या सहकाऱ्याला फोन करते. कुठली वीज किती चालू आहे ते पाहून तो तिच्या पद्धतीने आकडा काढून सांगतो. आधी सुरुवात "अहो, ऐकताय का" अशी असायची. आता गमतीने, "हॅलो, कंट्रोल रूम?"

आज एकशे सत्तर.

१४ मार्च

एकशे पन्नास. फोन बावीस मिनिटं चालला.

२२ मार्च

वारा सुटलाय. दोरीवरची चादर शेजाऱ्यांच्या गच्चीत. म्हणजे पवनचक्क्याही जोरात असणार! धावत आईकडे गेले.

"कंट्रोल रूम म्हणतात एकशे चाळीस," ती म्हणाली. मग केसांना तेल लावत बसली. गुणगुणत.

३० मार्च

एकशे पस्तीस. वैताग आला. म्हटलं, "आई, नियम एकदा मोड ना."

"मोडला तर तो नियम कसला?"

५ एप्रिल

एकशे तीस. आईने नवीन चष्मा करून मागितला. लाल फ्रेम! "साठाव्या वर्षी?" "तुझ्या दुकानात वयाप्रमाणे मिळतात का?"

१० एप्रिल

गिऱ्हाईक नव्हतं. सहज वीजमंडळाची साइट उघडली. दर तासाचे आकडे असतात तिथे, ठाऊकच नव्हतं. मागचे दिवस काढून आईच्या पद्धतीने भागले. बावीस मार्चची दुपार — ब्याण्णव. तेव्हापासून रोज नव्वदच्या आसपास!

तीन आठवडे कंट्रोल रूमवाले काका आईला चक्क खोटं सांगतायत.

रागाने घरी आले. आईसमोर कागद ठेवला. तिने पाहिलाही नाही.

"मला केव्हाच कळलं होतं."

"कसं?"

"एकशे चाळीस, एकशे पस्तीस, एकशे तीस. खरं मोजमाप इतकं शिस्तीत कधी उतरतं का गं? तीस वर्षं आकडे पाहिलेत मी. हे बसून रचलेले आहेत."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर काम संपलं असतं. उद्यापासून फोन कशासाठी करायचा?"

लाल फ्रेममागे डोळे हसत होते.

मग तिने कागदावर नजर टाकली आणि फोन उचलला. "हॅलो, कंट्रोल रूम? ब्याण्णव. माझ्या मुलीने पकडलं तुम्हाला." पलीकडे तो माणूस इतका मोठ्याने हसला की मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं.

१५ एप्रिल, मंगळवार

आई गाडीत बसली. मागे. कंट्रोल रूमवाले काका पुढचं दार उघडत होते, तर म्हणाली, "इकडे या." मी पुढे एकटी, ड्रायव्हरसारखी. कुठे सोडू, विचारलं.

"विवाह नोंदणी," दोघं एकदम म्हणाले.

मी चुकीचं वळण घेतलं!