झाकणावरचा शेंदूर

२ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचा राणीसावरगावला. टेम्पोवाल्याने सामान उतरवताना कॉम्प्रेसर आपटला. त्याला दोन शिव्या दिल्या आणि मग त्यानेच पाजलेला चहा प्यालो. दिवस चांगला सुरू झाला म्हणायचा.

भाड्याचं घर झकास आहे. दोन खोल्या, पुढे पत्र्याचं शेड आणि शेडमध्ये नळ. मी देव मानत नाही, पण मानला असता तर नळालाच मानला असता. मनिषा म्हणते, तुमाला बायकोपेक्षा साबण प्यारा. पुण्यात आठ वर्षं टूल दुरुस्तीच्या दुकानात काढली, पण तेलकट हाताने कधी डबा उघडला नाही. आता स्वतःचं काम. जुने ग्राइंडर, ड्रिल, कटर घ्यायचे, सुटे करायचे, रंग खरवडून आतला धातू उघडा करायचा आणि नवा रंग चढवायचा. सगळं घरीच.

घरमालकीण कोंडाबाई साठीच्या. उजवा हात मनगटापासून नाही. कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये गेला, असं त्यांचा मुलगा मुंजाजी म्हणाला. मायलेक मागच्या बाजूला राहतात, सोबत वीस-बावीस शेळ्या. त्यांचा वास माझ्या खिडकीतून बिनपरवाना आत येतो. खिडकीला आजच प्लास्टिक ठोकलं.

मनिषा आणि आमची सहा महिन्यांची अर्पिता मानवतला, तिच्या माहेरी. बावीस तारखेला, रविवारी येणार. फोनवर मी नुसतं 'बरंय' म्हणतो अशी तिची तक्रार, म्हणून ही वही. रोज लिहा, आल्यावर वाचीन, असा हुकूम आहे. वाच बाई.

४ फेब्रुवारी, बुधवार

गंगाखेडच्या एका वेल्डिंगवाल्याचे तीन ग्राइंडर आले. एकाच्या फटीत तंबाखूची पिंक वाळलेली. लोक ज्या हत्यारावर पोट भरतात त्यावरच थुंकतात, याचं मला कधी नवल वाटायचं थांबणार नाही. चिमट्याने काढली आणि चिमटा उकळत्या पाण्यात टाकला.

माझी पद्धत ठरलेली. आधी डिझेलने ग्रीस धुवायचं. मग रिमूव्हर ब्रशने जाड लावायचा आणि पंधरा मिनिटं हात बांधून बसायचं. रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो, तो पट्टीने अलगद ओढायचा. ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोडा दाखवायचासुद्धा नाही, काळं पडतं. मग वायर ब्रश, पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. जुनी साल निघून खालचा स्वच्छ धातू दिसतो तो क्षण मला फार आवडतो. अंघोळ झाल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी फोनवर अर्पिता हसली. माझ्या हाताला रिमूव्हरचा वास आहे, तो जाईपर्यंत तिला उचलू देणार नाही म्हणते मनिषा. मी म्हटलं, अठरा दिवस आहेत, लिंबाने घासून काढतो.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज मुंजाजीने कुट्टी मशीनच आणून टाकली. कडबा घरात येतोय, त्याआधी रंगवून पाहिजे. कुट्टी म्हणजे दोन दातेरी रोलर कडबा आत ओढतात आणि चाकावरची पाती त्याचे तुकडे करतात. मशीन साधी, पण अवस्था! रोलरच्या दातांत शेळ्यांचे केस, कुजकी पानं, काळं वंगण. आणि तोंडावरचं ओतीव लोखंडाचं झाकण शेंदराने इतकं लिंपलेलं, की बोटभर थर असेल. दर खंडेनवमीला नवा शेंदूर, तेलात कालवून. जुना काढायचा नाही, वर वर थापत जायचा. त्यात माश्या चिकटून मेलेल्या.

कोंडाबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या. म्हणाल्या, "मिस्तरी, बाकी काय बी करा, लाल करा, हिरवी करा. शेंदराला तेवढा हात लावू नका." मी 'बरं मावशी' म्हणालो. त्यांनी वदवून घेतलं, दोनदा.

मुंजाजीच्या मानेवर काळे डाग आहेत. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक, मोठा. गजकर्ण असणार. त्याने मान पुसलेला फडका मी काठीने उचलून जाळला.

९ फेब्रुवारी, सोमवार

मशीन झाली. चाक निळं, रोलर काळे, आरशासारखे. आणि मधोमध ते लालभडक, ओशट, माश्यांचं झाकण. दिवसभर डोळ्यांत खुपलं. नवरीला अंघोळ घालायची आणि तोंड तेवढं शेणाचं ठेवायचं, असला प्रकार.

आमच्या घरात आजोबांनी अठ्ठावन्न साली शेंदराचे दगड नदीत सोडले. त्यांचा नातू मी, शेंदराला भ्यायचो की काय? शब्द दिला होता हे खरं. पण काढून, धुऊन, वरून तसाच शेंदूर लावून दिला तर म्हातारीला काय कळणार? दोघं शेळ्यांमागे गेली तसं झाकण रिमूव्हरमध्ये बुडवलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

शेंदूर एका तुकड्यात निघाला. वाटीसारखा. एवढा समाधानाचा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

पण त्याखाली रंग नाही, गंजही नाही. पिवळट, चिवट पापुद्रा. ओढला की ताणतो. जुनी चरबी असेल, असं म्हणून खरवडला. खाली दुसरा, गुलाबीसर. वास मटणाच्या दुकानातल्या फडक्याचा, दुपारचा. दोनदा शेडबाहेर जाऊन ओकलो. परत आलो. काम अर्धवट सोडायची सवय नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

लोखंड लागलं. स्वच्छ, राखाडी. पण त्याला घाम येतो. पुसलं की पाच मिनिटांत परत ओलं, आणि चव खारट. (ओठांना हात लागला. तोंड सहा वेळा धुतलं.)

त्यावर रेषा आहेत. ओतकामाच्या म्हणाव्यात, तर तशा नाहीत. तीन लांब, बाकी बारीक. पॉलिश पेपरने घासल्या. जात नाहीत, उलट ठळक होतात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

माझ्या उजव्या तळहाताची साल निघतेय. हातमोज्यात रिमूव्हर गेला असणार, दुसरं काय. पण आग होत नाही. सकाळी साबण लावला आणि अंगठ्याखालून पापुद्रा सुटला, सायीसारखा. ओढू नये हे मला कळतं. ओढला. मनगटापर्यंत आला.

खालचा तळहात गुळगुळीत. एकही रेष नाही.

जाऊन झाकण पाहिलं. तळहात त्याच्यावर ठेवून पाहायची हिंमत झाली नाही. आयुष्यरेषेला माझ्या एक तुटका फाटा होता. तो तिथे आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

गंगाखेडला दवाखान्यात गेलो. डॉक्टर केमिकल म्हणाले, मलम दिलं. सुई टोचून विचारलं, लागतं का. नाही लागलं. सुई वाकली.

परत येऊन झाकणाला शेंदूर लावला, तेलात कालवून. धरत नाही. ओघळतो. तीनदा लावला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज एका शेळीचं करडू शेडमध्ये आलं. मी हिशेब लिहावा तशी ही वही लिहीत होतो, लक्ष नव्हतं. करडू ओरडलं तेव्हा कळलं. उजव्या हाताने त्याची मान धरली होती. मी धरली नव्हती. डाव्या हाताने एकेक बोट सोडवलं. बोटं गार, आणि त्यांना तोच वास.

साबणाच्या तीन वड्या संपल्या. वास जात नाही. जेवलो नाही. त्या हाताने भाकरी कशी मोडू?

१८ फेब्रुवारी, बुधवार

मनिषाला फोन लावून सांगणार होतो, येऊ नको. उजव्या हाताने फोन घेतला आणि कॉस्टिकच्या बादलीत सोडला. मी बघत उभा. तिचा नंबर पाठ नाही, त्या फोनमध्येच होता.

आता सगळं डाव्या हाताने. अक्षर वाकडं आहे, मनिषा, समजून घे.

नखं गळाली. खाली—लोखंड. राखाडी, खरबरीत. माझ्याच हातातून घाम गळतोय, ओशट. शी. शी. हा हात माझा नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कोंडाबाईंना दाखवला. त्या ओरडल्या नाहीत. दार लावलं आणि सांगितलं.

मशीन जुनीच घेतलेली, शेंदरासकट. त्या नव्या सुनबाई, माझ्यासारख्याच, घाण खपायची नाही. खंडेनवमीला सोड्याने धुतली. तेव्हा मुंजाजी अंगावर पीत होता. बाराव्या दिवशी त्यांच्याच हाताने त्याची मान धरली.

मुंजाजीच्या मानेवर गजकर्ण नाही.

मी विचारलं, मग हात कडब्यासोबत गेला तो? त्या म्हणाल्या, "गेला न्हाई, मी घातला. लेकरू का हात, दोन्ही कसं ऱ्हाईल? हात गेला तवा शेंदूर धरला." मला का नाही सांगितलं, म्हणालो. म्हणाल्या, तुमी हसला असता. हसलो असतो. खरं आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

झाकण बसवलं. मोटर जोडली. रोलर फिरवून पाहिले—माझेच हात चालले त्यांच्यावर, काय सुंदर झालेत. कोंडाबाईंनी दोरी, चिंध्या, हळद तयार ठेवली. मुंजाजीने जीप सांगितली, लगेच दवाखान्यात न्यायला.

बटण दाबलं. फिरले.

आठ वर्षं. सगळं याच हाताने शिकलो. अर्पिता झाली तेव्हा पहिल्यांदा याच हातावर घेतली.

बटण बंद केलं. उद्या सकाळी. एक दिवस असू दे.

२२ फेब्रुवारी, रविवार

लाईट नाही. पहाटे डीपी जळाली. लाइनमन म्हणतो संध्याकाळ होईल. बस चारला.

चाक डाव्या हाताने फिरवून पाहिलं. उजव्याने चाक धरलं आणि थांबवलं. पुन्हा. पुन्हा धरलं. त्याच्यात माझ्यापेक्षा ताकद आहे.

कोंडाबाई बसस्टँडवर बसल्यात, मनिषाला तिथूनच परत लावायला. मुंजाजी कुणाचा जनरेटर मिळतो का बघायला गेला. मी आत, कडी लावून. उजवा हात खिडकीच्या गजाला तारेने बांधलाय, दहा वेढे.

*

तीन वाजले. घामाचा वास खोलीभर. ओकायला पोटात काही नाही.

*

मोटारसायकल थांबली. बस नाही—मोटारसायकल. तिचा भाऊ घेऊन आला.

अर्पिता हसतेय. बाहेर.

मनिषा कडी वाजवतेय. ओरडलो, जा, परत जा. ती हसून म्हणते, आतून कडी लावून जा म्हणताव, माणूस हाय का कोन, उघडा आधी, लेकरू उन्हात हाय.

मी उघडणार नाही. मी उठणार नाही.

तार—बोटं तार उलगडतायत. न बघता. पाच वेढे राहिले. तीन

मनिषा, तू हे वाचतेस म्हणजे आत आलीस. वही टाक. आधी बघ, अर्पिता कोणाच्या हातात