झाकण नको

ता. ४ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

आज सहाला उठलो. पाणी भरलं, चहा केला, फ्रीज पुसला. जेवणापर्यंत दुसरं काम नव्हतं.

फ्रीज पुसताना मागच्या खणात हिची एक लहान बाटली सापडली. वर चिठ्ठी होती, ‘वाईनचं विरजण. टाकू नये.’ हिला जाऊन परवा आठ महिने झाले. मागच्या वर्षीच्या वाईनचा तळाचा गाळ आहे हा. दरवर्षी त्यावरच ती नवी वाईन लावायची आणि पहिली बाटली तुम्हाला पाठवायची. आता उरलं आहे ते एवढंच. वाया गेलं तर तिच्या हातचं पुन्हा मिळायचं नाही, म्हणून यंदा मीच लावली. वहीत आहे तसा पुदिना, आलं, गवती चहा, काळ्या मनुका, साखर. विरजण सगळं घातलं.

शेवटी तिने लिहिलं आहे, ‘तोंडाला फडकं बांधावं. झाकण नको.’ वाचून वाईट वाटलं. मी जन्मभर पाणीपुरवठ्यात गळत्या बंद केल्या आणि माझ्याच घरात बरणीला फडकं. चांगलं झाकण करून देतो म्हटलं की ती नको म्हणायची. मला कामाला लावायचा तिला संकोच वाटत असणार. यंदा रबरी वायसर घालून, वरून लोखंडी पट्टी आवळून झाकण बसवलं आहे. बरणी उलटी केली तरी थेंब पडणार नाही. काळजी नसावी.

बाटली वेळेवर येईल. लोभ आहे तसाच राहू द्यावा.

आपला,
भाऊजी


ता. ८ मार्च

भाऊजींस अनेक आशीर्वाद.

पत्र आत्ता मिळालं. कणीक तशीच टाकून लिहिते आहे. फोन लावला, पण तुम्ही आठ महिन्यांत तो उचललेला नाही, तर आज कशाला उचलाल.

वायसर काढा. पट्टी काढा. वाईन लागली की तिच्यातून वायू सुटतो आणि त्याला बाहेर पडायला वाट लागते. ‘झाकण नको’ म्हणजे झाकण नको. आणि संकोच? माझ्या बहिणीला? लग्नाच्या तिसऱ्या दिवशी तिने तुम्हाला माळा झाडायला चढवलं होतं आणि शिडी काढून घेतली होती. विसरलात?

उघडताना तोंड बाजूला ठेवा. बरणीचं नव्हे, तुमचं. तुमचे साडू म्हणतात, हेल्मेट घाला. ते चेष्टा करत आहेत, पण घाला.

खुशाली ताबडतोब कळवा. रागावले असले तरी तुमचीच,

ताई


ता. ११ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज आलं. बरणी परवा गेली.

मी जेवायला बसलो होतो. आवाज बराच मोठा झाला. झाकण छताला लागून फ्रीजवर पडलं. वायसर अजून शाबूत आहे. बरणीच्या काचा झाल्या. पुदिना छताला चिकटला आहे, तो वाळला की आपोआप पडेल असं वाटतं.

थोड्या वेळाने खालचा शिंपी वर आला. त्याच्या छतातून एका पांढऱ्या कोटावर तपकिरी थेंब पडत होते. गळती आहे का, असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो. नोकरीत असतो तर स्वतःवर अहवाल लिहिला असता.

मला लागलं नाही. फडक्याने टिपून वाटीत पिळून पाहिलं, पण त्यात काचा होत्या. विरजण संपलं. तिने वहीत स्पष्ट लिहिलं होतं. तुमची बाटली यंदा येणार नाही. क्षमा असावी.

आपला,
भाऊजी


ता. १६ मार्च

भाऊजींस अनेक आशीर्वाद.

एक कबुली द्यायची आहे. आधी तुमच्या साडूंना सांगितली, तर ते पोट धरून हसले. म्हणून लिहायला दोन दिवस गेले.

मला ती वाईन कधीच आवडली नाही. पहिल्या वर्षी घोट घेतला तेव्हा वाटलं, कुणी औषधांचं दुकान भिजत घातलं आहे. पण ती विचारायची आणि मी फर्मास म्हणायचे. एकदा म्हटलं ते म्हटलं, मग मागे कशी येणार? अकरा वर्षांच्या अकरा बाटल्या जिन्याखालच्या कपाटात आहेत. पहिली सोडून एकीचंही बूच काढलेलं नाही.

मागच्या वर्षीची साडूंबरोबर पाठवते आहे. तळाशी बोटभर गाळ आहे, तो तिच्याच हातचा. फडकं बांधा. वायसर कचऱ्यात टाका.

तिला यातलं काही कळू देऊ नका, असं लिहायला निघाले होते. मग पेन खाली ठेवलं.

जिवाला जपा, ही माझी आज्ञा समजा.

ताई


ता. २३ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

साडू येऊन गेले. छताकडे बराच वेळ बघत होते. चहा दोनदा घेतला.

गाळ नव्या बरणीत घातला. तिसऱ्या दिवशी बारीक बुडबुडे आले. लागली आहे.

वरची वाईन उरली होती, ती पेल्यात ओतून प्यायलो. तुमचं म्हणणं बरोबर आहे. मीही अकरा वर्षं तिला छान म्हणत होतो. ती स्वतः कधी घ्यायची नाही. वास सोसत नाही म्हणायची. तुम्हा दोघांना आवडते म्हणून करते, म्हणायची.

यंदाची पहिली बाटली तुम्हालाच येईल. जिन्याखाली जागा करून ठेवावी.

रविवारी सकाळी फोन करावा. उचलीन.

लोभात खंड पडू देऊ नये.

आपला,
भाऊजी

ता. क. पाकीट बंद करण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन आलो. गाठ सवयीने घट्ट बसली होती. ती सोडून फडकं पुन्हा सैल बांधलं आणि पेला धुऊन पालथा ठेवला.