सांगवीचा वार्ताहर

६ जून १९९४

फॉर्म आला! पुण्याहून, विद्यापीठाचा. पत्रकारितेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. आईला वाचून दाखवला. "एवढी बी.ए. हुऊन पेपरात जायाचं व्हय?" म्हणाली, पण हसत होती.

शेवटच्या पानावर अट आहे. स्वतःच्या नावाने छापून आलेलं लिखाण जोडा, नाहीतर संपादकांचं पत्र आणा.

माझ्याकडे चार वर्षांची कात्रणं आहेत. नाव एकावरही नाही. सगळीकडे नुसतं 'सांगवी – वार्ताहर'. आणि सांगवीचे वार्ताहर म्हणजे आमचे तात्या!

७ जून

लिहूनच टाकते, इथं कोण वाचणार आहे. तात्यांना काचबिंदू होऊन चार वर्षं झाली. आधी ते सांगायचे, मी लिहायची. मग दिसायचंच बंद झालं आणि मीच गावभर विचारत फिरायला लागले. कालव्याचा भराव खचला, शाळेचे पत्रे उडाले, सगळं मी लिहिलं. पाकीट सकाळच्या एसटीत कंडक्टरच्या हाती द्यायचं, की ते पेपरच्या बारामतीच्या कचेरीत पोचतं. छापून आलं की पारावर कौतुक तात्यांचं. आई सोडून कुणाला ठाऊक नाही. मला कधी वाईटही वाटलं नव्हतं, खरंच.

९ जून

आज धीर करून म्हटलं, तात्या, संपादकांना चार ओळी लिहून द्या, बातम्या मुलगी लिहिते म्हणून.

त्यांनी काठी चाचपून जवळ ओढली. मग, "गाव मला पत्रकार म्हनतं. उद्या म्हनंल, आंधळा पोरीच्या जिवावर मिरवत हुता."

"आणि माझं काय, तात्या?"

"तुझं माझं येगळं हाय व्हय?"

वेगळं आहे! मोठ्यानं ओरडून सांगावंसं वाटलं. उठून चुलीपाशी गेले.

१० जून

आज तात्यांना पेपर वाचून दाखवला नाही.

१३ जून

काल आई त्यांना म्हणाली होती, "लिवा की वो. पोटची हाय." आज सकाळी तात्या दार लावून बसले. मग काठी टेकत एकटेच एसटीच्या थांब्यावर जाऊन आले. आल्यावर जेवले नाहीत. मी विचारलं नाही. फॉर्म तसाच पाठवला, नुसत्या कात्रणांवर.

२२ जून

तात्या रोज दुपारी आईला विचारतात, "पोस्टमन आला का गं?" कसली वाट बघतात कुणास ठाऊक. मुलाखतीचं बोलावणं तर कालच आलं, आईनं सांगितलं असणार.

२ जुलै

मुलाखत झाली. एक सर कात्रणं चाळत होते. म्हणाले, "चांगलं लिहिलंय. पण हे तुम्हीच लिहिलं कशावरून? संपादकांचं पत्र?"

नाही म्हटलं. दुसरे हसून म्हणाले, "वडील वार्ताहर आहेत ना तुमचे?"

स्वारगेटपासून बारामतीपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडत आले. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का गं?

११ जुलै

यादीत नाव नाही.

तात्या म्हणाले, "काय झालं, संजू?"

"काही नाही. तुमचं नाव शाबूत आहे."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला बरं वाटलं. वाटलं, खोटं कशाला लिहू!

१९ जुलै

आता एक ओळ लिहायची नाही त्यांच्यासाठी. बारामतीला कचेरीत जाऊन सांगून आले, सांगवीला दुसरा माणूस बघा. तिथला रतन कारकून कपाट शोधून एक पाकीट घेऊन आला. "तात्यांनी मागं हे कोरंच कागद धाडलं. सायेब लय हसलं. घिऊन जावा, कामाला येतील." वर आवकचा शिक्का, १३ जून. पिशवीत टाकलं.

२० जुलै

वही काल संपली म्हणून त्यातलाच कागद घेतला. पेन अडखळतंय. कागदावर खाचा आहेत, अक्षरांच्या. उजेडात तिरपा धरला. रिफिल संपलेली, त्यांना कसं दिसणार!

'मा. संपादक, चार वर्षे सर्व बातम्या माझी लेक संजीवनी लिहिते. मला दिसत नाही. तसे पत्र तिला द्यावे. वार्ताहर म्हणूनही तिचेच नाव घालावे.'

तात्या बाहेर ओट्यावर बसलेत. कोणत्या तोंडानं हाक मारू?