आईसाठी रचलेलं सपन

बाबा, मी तुझ्या नावानं आईले झूट बोललो. अजूनबी रोज बोलून राह्यलो.

झालं असं, धान कापनी सरली अन् आईचे पाय सुजाले लागले. विहिरीवरून पानी आनतानी तिले दम लागे, मधातच बसे. मी तिले गाडीवर बसवून मुलचेऱ्याले दवाखान्यात नेलं. डॉक्टरीन बाईनं बीपी पाह्यला, छातीले वायरी लावून कागदाची पट्टी काढली. म्हने, "बीपीनं हृदय थकून राह्यलं. गोळी रोज खा लागन, बरं वाटलं तरी बंद नाई करायची. अन् मीठ कमी." आईनं मान हालवली. पायाची सूज उतरली तशी गोळी बंद! उरलेल्या गोळ्या शेजारच्या काकीले देऊन टाकल्या, का तर तिलेबी बीपी हाय. मी बोंबललो त मलेच म्हने, "आता मले काईच होत नाई, मंग औषध काऊन खाऊ? तू डॉक्टर हाय का बे? दहावी त निंगली नाई तुझ्यानं."

मी भेलो, बाबा. तुझी ती सकाळ आठवली. मी शाळेत होतो तवा. तू राईस मिलमधून काम अर्ध्यात टाकून आला अन् ओट्यावर बसला. "डाव्या खांद्यावर पोतं घेतलं म्हनून हात दुखून राह्यला. छातीत गॅस धरला." आईनं ओवा अन् काळं मीठ देल्लं. बाहेर एवढी थंडी अन् तू घामानं वलाचिंब. मी म्हनतो, "बाबा, बिना आंघोळीचाच भिजला का?" तू हासला. जबडा धरून हासला. मले वाटलं, हासून हासून दुखून राह्यला. ऑटो येवस्तोवर तू तिथीच कलंडला. दवाखान्यात मंग सांगतलं, गॅस नोता, हृदयाची नस बंद झाल्ली होती. घाम, हात, जबडा, सारं तेच सांगून राह्यलं होतं. लगेच आनलं असतं त गाठ विरघळवाची सुई देता आली असती. आमी ओवा देल्ला.

म्हनून त्या दिवशी चुलीपाशी बसून आईले म्हनलो, "आज सपनात बाबा आले होते." अन् तुझा आवाज काढला. तो मले पैलेपासून जमते. त्याच आवाजात मी मिलच्या मुकादमाले घाबरवलं होतं, तवा तू काठी घेऊन मागं लागला अन् मंग गोठ्यामागं जाऊन हासत बसला. साऱ्याइले धाकात ठेवे म्हनून आईले तू मास्तरीन म्हने ना, तसंच म्हनलो, "मास्तरीन, गोळी खाल्ली का वं?"

आईची फुकनी हातातच राह्यली. मले वाटलं, पकडलो गेलो. ती हळूच म्हने, "अंगावर घाम होता का रे अजून?"

मी म्हनलो, "नाई वं आई. कोरडे होते. नवा शर्ट घातला होता."

ती उठली. काकीकडून गोळ्या मांगून आनल्या, अन् दुसऱ्या दिवशी काकीलेबी दवाखान्यात घेऊन गेली.

आता रोज सकाळी गोळी तळहातावर घेते अन् विचारते, "आज आले होते का? काय म्हने?" मी रोज काईतरी रचतो. भाजीत मीठ कमी टाक म्हने. हृदयाची सोनोग्राफी कराले चंद्रपूरले जा म्हने. ती सारं आयकते. पन काल म्हनाली, "माह्या सपनात काऊन येत नाई रे ते? ओवा देल्ला म्हनून रागावले का?"

मी पान्याचा गिलास तिच्या हातात देल्ला अन् राती हे लिहाले बसलो, बाबा.

हे लिहून कुठी धाडू? खरं सांगतो, माह्या सपनात तू एकदाबी आला नाई. कवा येशीन त पैले तिच्याकडं जा. कोरडा होऊन जा. अन् हे सारं मी रचलं होतं, ते तिले सांगू नको बाबा, पाया पडतो. कोनालेच सांगू नको.