देवमाशाला दुसरं दार

प्रिय पिटुकले,

तुझ्या दादाबरोबर पाठवलेला डबा तू न उघडताच परत केलास, फोन उचलत नाहीस, आणि मी भेटायला तुझ्या खोलीवर आले की पाठ करून झोपेचं सोंग घेतेस. मी तुझी वहिनी आहे, तुझी सगळी सोंगं मला पाठ आहेत. म्हणून आता हे पत्र. राग आला तर फाड, पण आधी वाच.

बातमी अशी की मुलांच्या पार्कवाल्यांना आपला तो विटांचा देवमासा परत हवाय, तोही सुट्ट्या लागायच्या आत. जळका सांगाडा उचलून नेला, फरशी घासून घेतली, आणि खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटांची नवी खोकी आपल्या कारखान्यात येऊन पडली. नकाशा जुनाच. तेच निळं धूड, डोक्यातून उडणारं तेच कारंजं, आणि आत शिरायला शेपटीखाली तेच एक भोक. मी कारखान्याच्या साहेबांना सांगून टाकलं, पोटाला दुसरं दार काढल्याशिवाय मी एकही वीट चिकटवणार नाही. ते हसले. दार दिसलं तर मुलांना मासा खरा वाटणार नाही म्हणाले. मी म्हटलं, विटांचा मासा ज्यांना खरा वाटतो, त्यांना दारवालाही वाटेल. तेव्हापासून साहेब माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बोलू देत.

मी लग्न होऊन आले तेव्हा तू कपाटाच्या खालच्या कप्प्यात लपायचीस आणि सगळं घर तुला शोधत फिरायचं. पुढे तुला कारखान्यात घेऊन आले ती मीच. दिवे, पंप, मोटारी बघायला आत उतरेल अशा बारीक चणीचं माणूस कुणाकडेच नव्हतं. विटांच्या हत्तीच्या पोटात बसून जेवणारी तू एकटीच, असं सगळे चिडवायचे, आणि तू आतूनच उलट उत्तर द्यायचीस. तुझी ती बडबड नसल्यामुळे कारखाना कसा ओसाड वाटतो, ते इथे लिहून कळायचं नाही.

त्या दिवशी पार्कात तू देवमाशाचा जबडा हलवणारी मोटार बघायला आत गेलीस आणि शेपटीतल्या वायरींनी पेट घेतला. कारंज्याच्या पंपाच्या घरघरीत तुझा आवाज कुणालाच आला नाही. ती केव्हाच बाहेर आली असणार, असं जो तो दुसऱ्याला सांगत होता. मीही मान डोलावली. मग तुझ्या चपला दिसल्या. विटांवर ओरखडे पडू नयेत म्हणून आपण बाहेर काढतो ना, तशा, नीट जोडून ठेवलेल्या. माशाचे दोन भाग कुठे जोडलेत ते मला माहीत होतं, तो सांधा विटांनी मीच झाकला होता. पार्कातल्या माळ्याच्या हातची पहार ओढून घेतली आणि तिथेच घाव घालत सुटले. तू बाहेर आलीस तेव्हा मी तुला ओरडले म्हणे. मला आठवत नाही.

साहेब सांगत फिरतात की या विटा सहजासहजी पेटत नाहीत. खरं-खोटं करायला तुझ्या दादाने अंगणात पत्र्यावर एक वीट ठेवली. काड्यांवर काड्या गेल्या, पेटेना. पण एकदा पेटली ती फुंकून विझेना. वितळून टपटप गळायला लागली, काळाकुट्ट धूर, वर काजळीची जळमटं. दादा मला म्हणाला, ही वीट अगदी तुझ्या वळणावर गेलीय, रागवायला वेळ लावते आणि मग आवरत नाही. मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. उघड्या अंगणात, एका विटेच्या धुराने आम्ही दोघं खोकत फाटकापर्यंत पळालो होतो. तुझ्या तर चहूबाजूंनी विटाच होत्या.

सोमवारी पार्कच्या मालकांसमोर बैठक आहे. माणूस शेपटीतून आरामात बाहेर येतो, असं साहेब सांगणार आहेत. मी बाहेर होते गं, आतलं मी काय सांगू? ते फक्त तुला माहीत आहे आणि तू दादाजवळही बोलली नाहीस. तू परत कामावर ये असं मी म्हणत नाही. आयुष्यात पुन्हा कुठल्या पोटात उतरू नकोस. फक्त सोमवारी माझ्याशेजारी येऊन बस आणि एकदा सांग. शब्द फुटेनात तर माझा हात धर, मी घाई करणार नाही. तू आली नाहीस तरी माझा नकार तो नकारच, मग नोकरी राहो नाहीतर जावो. पण मी नाही म्हटलं तर ते दुसऱ्या कुणाकडून विटा चिकटवून घेतील. परवा त्यांनी तुझ्या जागी एक बाई घेतली. तुझ्याहूनही बारीक, दोन लेकरांची आई, काम मिळालं म्हणून खूश. कालच त्यांनी तिच्या खांद्यांचं माप घेतलं, त्या भोकातून जाते का ते बघायला. जाते.

तुझीच,
वहिनी