दहापैकी आठ

३ तारीख, सोमवार, स. ६.१०
बायकोची दुसरी केमो झाली. आता हॉस्पिटलने काउन्सेलर गळ्यात बांधली. वय जेमतेम तीस. म्हणे, पेशंटने मन मोकळं करायला हवं. मग घरात मी काय शोभेला आहे? सव्वीस वर्षं पंपांच्या जळलेल्या मोटारी वाइंड करतोय, नवी तार भरतोय, कुणाकडे शिकायला गेलो नाही. आतली तार कुठे तापली ते वरून हात ठेवून सांगतो. मन त्याहून काय निराळं असणार?
संकल्प : मानसिक आधार घरचाच.

४, मंगळ
ग्राफपेपर आणला. बायकोचा मूड, दहापैकी, रोज तीन वेळा, जेवणाआधी. सकाळी : चार. भलतंच कमी. सकारात्मक विचाराचे अकरा मुद्दे क्रमाने समजावले. मला घास उतरेना, ताट सरकवलं. दुपारी : आठ! संध्याकाळी : आठ. एका दिवसात दुप्पट. त्या बाईला महिने लागले असते.

९, रवि
सलग आठ. रेघ फूटपट्टीने मारल्यासारखी. लेक म्हणते, आई बाथरूममध्ये नळ सोडून रडते. नळ तपासला. वायसर गेला होता. बदलला.

१२, बुध
तरी मायलेकी काउन्सेलरकडे गेल्याच. दार बंद, पन्नास मिनिटं. मी बाहेर. भिंतीवरच्या पोस्टरात शुद्धलेखनाच्या तीन चुका. पेन्सिलने सुधारल्या. हे लोक मनं दुरुस्त करणार म्हणे.

१७, सोम
सकाळी : आठ. तिसरी केमो. गाडी दारात, आणि बायको पलंगावरून उठेना. पुरे झालं, आता औषधच नको म्हणाली. मी ग्राफ समोर धरला.
"अहो, चार म्हटलं की तुम्ही जेवत नाही," ती म्हणाली. "म्हणून आठ."
गाडी परत पाठवली. लेकीने काउन्सेलरला फोन लावला. मी मध्ये बोलणार होतो. ग्राफ घडी करून ठेवला.

१९, बुध
काल मायलेकी पुन्हा काउन्सेलरकडे गेल्या. आत त्यांचं काय बोलणं झालं, मला कळवलेलं नाही. केमो शुक्रवारी. बायको जायला तयार आहे. अट एकच, मीही त्या खोलीत जाऊन बसायचं. गेलो. म्हटलं, बाईंचं काम कसं आहे ते बघून घेऊ. त्यांनी विचारलं, तुम्हाला कशाची भीती वाटते? मी त्यांना वाइंडिंगची माहिती दिली, अंदाजे चार मिनिटं. पुढचं नीट नोंदवता येत नाही.
तिथले टिश्यू अगदीच हलक्या प्रतीचे. सात लागले.